दहा मिनिटांची चित्रफीत आणि कलेचा तास

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो, आणि गणिताचा किंवा इंग्रजीचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिली गदा त्याच तासावर येते. ही गोष्ट आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ज्या शाळांतून हा तास नियमाने होतो तेथेही मुलांना चित्र काढायला शिकवले जाते. चित्र पाहावे कसे, ते कोणी काढले, कशाने काढले, हे शिकवण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणारी मुले स्थिरचित्र व संकल्पचित्र मोठ्या सफाईने काढतात. त्यांनाच चार चित्रकारांची नावे विचारा. दुसऱ्या नावापाशी गाडी अडते.

यात दोष मुलांचा नाही. चित्रांचे मोठे संग्रहालय पाहायचे तर आमच्या जांब समर्थच्या मुलाला मुंबई गाठावी लागते. जगप्रसिद्ध अजिंठा त्यातल्या त्यात जवळ म्हणावा, तर तोही रस्त्याने दीडशे किलोमीटरांच्या पुढे. ज्यांचे आईवडील हंगामात ऊसतोडीला जातात त्या मुलांची तेथपर्यंत सहल निघणे अवघडच. अशा परिस्थितीत पाच-दहा मिनिटांच्या शैक्षणिक चित्रफिती हे एक साधन आपल्या हाताशी आले आहे. रविवारी विहारात जमणाऱ्या वीस-पंचवीस मुलांबरोबर गेली काही वर्षे हे साधन वापरताना जे लक्षात आले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे. मी कलाशिक्षक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे, पण त्या 'कले'त चित्रकला नसते हे ती पदवी घेतलेल्या सर्वांना ठाऊक आहे. पोटापाण्यासाठी बँकेत लिपिक आहे. तेव्हा तज्ज्ञांनी चुकले तेथे सुधारून घ्यावे.

साधन जुनेच आहे

चालत्या चित्रांतून शिकवण्याची कल्पना मराठी माणसाला नवी नाही. दादासाहेब फाळके हे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला, हे सर्वांना माहीत असते. पण त्याच्या आधी त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी लावले, दिवसामागून दिवस त्याची छायाचित्रे टिपली, आणि बी रुजून वेल वाढतो कसा हे दाखवणारा एक इवलासा चित्रपट तयार केला. जी गोष्ट डोळ्यांसमोर घडत असूनही दिसत नाही ती दाखवणे, हेच शैक्षणिक चित्रफितीचे काम. ते फाळक्यांना पहिल्याच प्रयत्नात उमगले होते.

पुढे १९४८ साली केंद्र सरकारची फिल्म्स डिव्हिजन ही संस्था स्थापन झाली. थिएटरमध्ये मुख्य चित्रपटाआधी जे माहितीपट लागत, आणि ज्या वेळी अर्धे प्रेक्षक बाहेर शेंगदाणे घेत असत, ते बहुतेक याच संस्थेचे. त्यांत शेती, कुटुंबनियोजन आणि धरणांबरोबरच चित्रकार, शिल्पकार, लेणी व लघुचित्रे यांवरीलही कितीतरी उत्तम पट होते. २०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आपल्या राज्यात पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ साली सुरू झाली. माझ्या वयाच्या वाचकांना दूरदर्शनवरील तिची सुरुवातीची धून अजून आठवत असेल. २०१७ साली ती बंद पडली. शाळाशाळांत मोबाइल पोहोचू लागले त्याच सुमारास मराठीतून मुलांसाठी चित्रफिती करणारी घरची संस्था बंद व्हावी, हे मला पटलेले नाही.

कसोटी कोणती लावावी

आज चित्रफितींची टंचाई नाही. निवड करणे अवघड झाले आहे. मोबाइलवर 'अजिंठा' किंवा 'वेरूळ' एवढे शब्द टाकले की शेकडो चित्रफिती समोर येतात. काही अभ्यासपूर्ण आहेत. काहींत लेण्यातील गुप्त खजिना सांगितलेला असतो. वेरूळचे कैलास लेणे माणसाने कोरलेलेच नाही, परग्रहावरून आलेल्या लोकांनी कोरले, असे ठासून सांगणाऱ्या चित्रफितीही आहेत आणि त्या आपली मुले आवडीने पाहतात. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे लेणे प्रामुख्याने घडले. ते वरून खाली कोरत आणले आहे, आणि छिन्नीचे घाव आजही दगडावर दिसतात. छिन्नी-हातोडा घेऊन उन्हात राबलेल्या माणसांचे श्रेय परग्रहवासीयांना देऊन टाकणे हा नुसता वेडगळपणा म्हणून सोडून देता येत नाही. कष्टकऱ्याच्या हातून एवढे मोठे काम होणे शक्यच नाही, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. ही समजूत आपल्या मुलांच्या मनात घर करू लागली, तर त्यांचे स्वतःच्या आजा-पणजाविषयीचे मतही तसेच बनणार.

म्हणून चित्रफीत निवडताना मी एकच कसोटी लावतो. करणाऱ्याचा हात तिच्यात दिसतो का? तो माणूस कोण होता, त्याने कोणते साहित्य वापरले, किती दिवस घालवले, काय अडचण आली, हे त्या दहा मिनिटांत कळत असेल तर चित्रफीत घ्यावी. नुसती पार्श्वसंगीतावर सोनेरी उन्हातील दृश्ये असतील तर ती कितीही सुंदर असली तरी वर्गात उपयोगी पडत नाही.

या कसोटीला पूर्ण उतरणारा पट म्हणजे सत्यजित राय यांचा 'द इनर आय'. फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७२ साली केलेला, अवघा वीस मिनिटांचा. विषय आहे शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी. राय १९४० ते १९४२ या काळात तेथील कलाभवनात शिकत होते आणि बिनोदबिहारी त्यांचे शिक्षक होते. बिनोदबिहारींची दृष्टी जन्मापासून अधू; एक डोळा निकामी, दुसऱ्याला जेमतेम दिसे. तेवढ्या दृष्टीवर त्यांनी १९४६-४७ साली शांतिनिकेतनच्या हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र रंगवले. कबीर, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंग आणि त्यांच्या अवतीभोवती चालणारी, काम करणारी साधी माणसे त्यात आहेत. १९५७ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची उरलेली दृष्टीही गेली. पट तेथे संपत नाही. आंधळे झालेले बिनोदबिहारी बोटांनी चाचपत आकृत्या घडवतात आणि त्यांतून कलाभवनाच्या भिंतीवर भाजलेल्या फरशांचे नवे भित्तिचित्र उभे राहते, हे राय दाखवतात.

आमचे गाव समर्थ रामदासांचे जन्मगाव. संतांची चित्रे येथील मुलांना नवीन नाहीत. कॅलेंडरवर, देवळात, पुस्तकात ती रोज दिसतात. पण चित्रातला कबीर विणकरांच्या वस्तीतला वाटतो, त्याच्या डोक्यामागे झळाळते तेजोवलय लागत नाही, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिले. आणि पट संपल्यावर सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, त्यायला दिसत नाही, मग रंग कसा वळखतेत?" यावर अर्धा तास चर्चा झाली. कोणी म्हणाले मदतनीस सांगत असेल, कोणी म्हणाले रंग आठवत असेल. एका मुलीने सांगितले की तिची आजी मोतीबिंदू असूनही तांदळातले खडे बोटांनी काढते. मला त्या दिवशी फारसे बोलावेच लागले नाही.

दुसरा पट अगदी वेगळ्या जातीचा. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म आपल्या पंढरपूरचा. मुंबईत त्यांनी उमेदीची वर्षे सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवण्यात काढली. १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' हा छोटा पट राजस्थानात चित्रित केला. त्यात निवेदन नाही, गोष्ट नाही. छत्री, कंदील, जोडा, जनावरे, माणसे, भिंती असे काहीबाही एकामागून एक दिसत राहते. त्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल त्याला मिळाले. मुलांनी पहिल्यांदा 'काहीच कळले नाही' असे सांगितले, आणि ते खरेही होते. मग मी त्यांना गावात हिंडून अशाच पाच वस्तू निवडायला सांगितल्या, ज्या रोज दिसतात पण पाहिल्या जात नाहीत. पुढच्या रविवारी मोट सुटलेल्या विहिरीचा रहाट, उलटी टांगलेली घमेली, टाकून दिलेले टायर अशी यादी आली. पट पुन्हा लावला तेव्हा कोणी तक्रार केली नाही.

अजिंठा: पडद्यावरचा आणि भिंतीवरचा

आता मुख्य विषयाकडे येतो. आपल्या समाजातील बहुतेक मुलांना अजिंठ्याचे नाव माहीत असते, पद्मपाणीचे चित्र घराघरांत असते. परंतु ते चित्र कशावर व कसे काढले हे विचारले की मोठी माणसेही गप्प होतात. चित्रफितीचा सर्वांत जास्त उपयोग येथे होतो आणि सर्वांत जास्त फसगतही येथेच होते.

उपयोग असा की लेण्यात जे दिसत नाही ते चित्रफितीत दिसते. आत अंधार असतो. रंग जपण्यासाठी प्रकाश मंद ठेवलेला असतो, फ्लॅश वापरण्यास बंदी आहे, गर्दीत फार वेळ थांबता येत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत बाहेर निघण्याची वेळ येते. बेनॉय बहल यांनी १९९१ पासून अगदी कमी प्रकाशात अजिंठ्याची जी छायाचित्रे घेतली, त्यांमुळे कोपऱ्यातील फुले, दागिने, चेहऱ्यावरील भाव जगाला प्रथमच नीट दिसले. भारतीय चित्रकलेवर त्यांनी दूरदर्शनसाठी माहितीपटांची मालिकाही केली. असे काही पाहून गेलेला मुलगा लेण्यात शिरल्यावर कोठे पाहावे हे जाणतो.

फसगत तीन प्रकारची. पहिली आकाराची. मोबाइलच्या पडद्यावर पद्मपाणी तळहाताएवढा आणि १७ व्या लेण्यातील अख्खी भिंतही तळहाताएवढी. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या लेण्याचा मधला मंडप एका बाजूला साधारण साठ-पासष्ट फूट आहे आणि त्यात २० खांब आहेत. सुतळी घेऊन शाळेच्या मैदानावर तेवढा चौकोन आखावा, खांबांच्या जागी मुले उभी करावीत, आणि मग चित्रफीत दाखवावी. एवढ्या जागेच्या भिंती आणि छत कोणीतरी पणतीच्या, आरशाच्या उजेडात रंगवले असेल, ही कल्पना तेव्हा कोठे मनात शिरते.

दुसरी फसगत कथेची. चित्रफीत पुढे सरकते, म्हणून ती जातककथा आधी-मग अशी सांगते. भिंतीवरची रचना मात्र अनेक ठिकाणी तशी नाही. तेथे स्थळ महत्त्वाचे. षड्दंत हत्तीची कथा पाहा. ती १० व्या आणि १७ व्या अशा दोन्ही लेण्यांत चितारली आहे. सहा सुळ्यांचा हत्ती, मत्सराने पेटलेली राणी, तिने पाठवलेला शिकारी, हत्तीने स्वतः काढून दिलेले सुळे, आणि ते पाहून राणीचा झालेला अंत. कथेत आपण रानातून महालात आणि महालातून रानात जातो. चित्रकार रानातल्या घटना रानात एकत्र ठेवतो, महालातल्या महालात. पाहणाऱ्याने भिंतीसमोर पुढेमागे फिरत कथा जुळवायची असते. म्हणून चित्रफीत पाहून झाल्यावर मुलांना एका मोठ्या कागदावर गावातलीच एखादी घटना, समजा भीमजयंतीची मिरवणूक, अशा स्थळांनुसार काढायला सांगावे: विहार एकीकडे, वेस एकीकडे, आणि सकाळ-संध्याकाळ त्याच ठिकाणी शेजारी शेजारी. ही रचना मुले मोठ्यांपेक्षा लवकर समजतात.

तिसरी फसगत सर्वांत मोठी, ती हाताची. बहुतेक चित्रफिती पूर्ण झालेले चित्र दाखवतात, तयारी दाखवत नाहीत. अजिंठ्याच्या खडबडीत दगडी भिंतीवर आधी मातीचा लेप दिलेला आहे. त्या मातीत भाताची तुसे, गवताचे व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत, म्हणजे लेप तडकू नये. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर रंगकाम. ओल्या चुन्यावर रंगवण्याची युरोपीय पद्धत ही नव्हे. तांबडा रंग गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, हिरवा हिरव्या खनिज मातीचा, काळा काजळीचा. फक्त निळा दूरचा, अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. हे सांगत असताना विहारात बसलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, "मंग हे तं आपल्या सारवणावानीच हाय की." अगदी बरोबर. माती, भुसा, पाणी किती घ्यायचे, लेप कधी तडकतो आणि कधी धरतो, हे ज्ञान आमच्या गावात बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला कोणी कला म्हटले नाही आणि शास्त्रही म्हटले नाही.

पुढच्या रविवारी त्याच आजींना आम्ही शिकवायला बसवले. जुन्या कौलांवर व फळीच्या तुकड्यांवर मुलांनी भुसा मिसळलेल्या मातीचा लेप दिला, वाळू दिला, चुना फिरवला, आणि डिंकाच्या पाण्यात कालवलेल्या गेरूने व काजळीने कमळे काढली. निम्म्या फळ्या तडकल्या. तडकलेल्या व न तडकलेल्या फळ्या शेजारी ठेवून अजिंठ्याची तीच चित्रफीत तिसऱ्यांदा लावली, तेव्हा मुले कमळाकडे पाहत नव्हती, जेथे रंग उडून खालची माती दिसते त्या जागा एकमेकांना दाखवत होती.

अजिंठ्यात दात्यांची नावे कोरलेली आहेत. १६ वे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने दिले, २६ वे बुद्धभद्र भिक्षूने, असे शिलालेख सांगतात. रंगवणाऱ्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी पाहिली आणि १० व्या लेण्यात स्वतःचे नाव मात्र कोरून ठेवले! मुलांना हा किस्सा फार आवडतो. लेण्यांच्या भिंतीवर नाव लिहू नये, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

नकलांचीही एक कहाणी सांगण्याजोगी आहे. रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे राबून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या, त्यांतल्याही शंभरांहून अधिक १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी तिसऱ्यांदा हे काम हाती घेतले. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते. हेच नंदलाल पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले, बिनोदबिहारी त्यांचे शिष्य, आणि बिनोदबिहारींचे विद्यार्थी सत्यजित राय. म्हणजे वर सांगितलेला वीस मिनिटांचा पट अजिंठ्याशी असा जोडलेला आहे.

आणखी एक धागा आपल्या जिव्हाळ्याचा. भारताच्या संविधानाची जी मूळ हस्तलिखित प्रत संसदेच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे, तिची सजावट नंदलाल बोस व त्यांच्या सहकारी-विद्यार्थ्यांनी केली. इंग्रजी मजकूर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिला, हिंदी वसंत कृष्ण वैद्य यांनी. उद्देशिकेच्या पानाची सजावट ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. संविधानाच्या भागांच्या आरंभी जी चित्रे आहेत त्यांत बुद्धांच्या जीवनातील प्रसंग आहे, धम्माचा प्रसार करणारा अशोकही आहे. २६ नोव्हेंबरला आपण उद्देशिकेचे वाचन करतो. त्या दिवशी या पानांची चित्रेही मुलांना दाखवावीत. ज्याने ऐन उमेदीत अजिंठ्याच्या अंधारात बसून रेषा गिरवल्या, त्याच्या देखरेखीखाली चाळीस वर्षांनी ही पाने सजली, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

दाखवण्याची रीत

आमच्या बँकेत नवीन संगणकप्रणाली आली की प्रशिक्षणाच्या चित्रफिती येतात. आम्ही त्या शेवटपर्यंत पाहतो, आणि काउंटरवर आल्यावर शेजारच्याला विचारतो. चित्रफीत पाहणे आणि शिकणे यांतला फरक मला तेथेच कळला. दहा मिनिटांच्या चित्रफितीला तासभर लागलाच पाहिजे.

पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवावी. बहुतेक चांगल्या चित्रफितींचे निवेदन इंग्रजीत किंवा अवघड हिंदीत असते. मुलांचा सगळा जीव भाषा समजून घेण्यात जातो आणि डोळे रिकामे राहतात. आवाज नसला की ती पाहतात. मग योग्य चित्रावर थांबवावे आणि एकच प्रश्न विचारावा. १७ व्या लेण्यात भिक्षापात्र हाती घेतलेले बुद्ध आणि त्यांच्यासमोर यशोधरा व छोटा राहुल, असे प्रसिद्ध चित्र आहे. त्यात बुद्ध फार मोठे आणि मायलेक अगदी लहान आहेत. असे का, एवढेच विचारले. एक जण म्हणाला, देव आहेत म्हणून. दुसऱ्याने त्याला लगेच टोकले की बुद्ध देव नाहीत. थोड्या वेळाने मागून एक मुलगी म्हणाली, "लहान लेकराला बाप तेवढाच दिसतो." कलासमीक्षक याची आणखी कारणे देतील, पण तिचे उत्तर चित्रात बसते.

यानंतर पडदा बंद करून दोन मिनिटे आठवणीने रेखाटन करून घ्यावे. हात कोठे होता, मान कोणीकडे झुकली होती, हे न आठवल्याने मुले अस्वस्थ होतात आणि दुसऱ्या वेळी अधिक बारकाईने पाहतात. दुसऱ्या वेळी आवाजासह दाखवावे, पण निवेदनाचा अर्थ आपल्या बोलीत थांबून थांबून सांगावा. चित्रफीत शक्यतो टीव्हीवर, पेनड्राइव्ह लावून दाखवावी. प्रत्येकाच्या हाती वेगळा मोबाइल दिला तर एका चित्रासमोर सर्वांनी मिळून बसण्याची गंमत जाते, शिवाय मधेच जाहिरात येते आणि मुले जाहिरातीचेच गाणे गुणगुणत घरी जातात. वीज जाईल हे गृहीत धरून दोन-तीन चित्रांच्या मोठ्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात. आमच्याकडे दर दोन-तीन रविवारांआड त्या उपयोगी पडतात.

आपल्या चित्रफिती आपण कराव्यात

गावोगावच्या चौकांत बाबासाहेबांचा पुतळा असतो: उजव्या हाताचे बोट उंचावलेले, डाव्या हातात संविधान. संसदेच्या आवारातील अशा पुतळ्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. तो घडवणारे मूर्तिकार ब्रह्मेश वाघ. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे? ज्या प्रतिमेपुढे आपण रोज हात जोडतो, तिचा घडवणारा आपल्याला ठाऊक नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे काळाने पुसली असे म्हणता येईल. साठ वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल तसे म्हणता येणार नाही.

म्हणून मोठ्या मुलांना मी एक काम दिले आहे. आपल्या परिसरात ज्यांच्या हातात कसब आहे अशा माणसाची तीन मिनिटांची चित्रफीत करायची. फ्लेक्स आल्यापासून काम गेलेला, पण ब्रशने अक्षर असे काढणारा की पट्टी लावून पाहावे, असा एक पेंटर. गोधडी शिवणारी आत्या. हलगी मढवणारे काका. नियम तीनच: पहिला मिनिट नुसते हात दाखवायचे, मग त्यांनी स्वतःच्या शब्दांत काय करतो ते सांगायचे, आणि शेवटी त्यांच्या परवानगीने त्यांचे नाव, काम कोणाकडून शिकले ते, आणि तारीख पडद्यावर लिहायची. पहिल्या चित्रफिती हलतात, वाऱ्याचा आवाज येतो, कोंबडा मधेच आरवतो. तरी एका मुलाचे वडील आपल्या लेकाने केलेली चित्रफीत पाहायला कामावरून थेट विहारात आले, आणि 'चित्रं काढून का पोट भरतंय' हे नेहमीचे वाक्य त्या दिवशी त्यांनी उच्चारले नाही.

ज्या पालकांना, शिक्षकांना हा उपक्रम आपल्या गावी करावासा वाटेल त्यांनी वर्षातून एकदा तरी मुलांना प्रत्यक्ष अजिंठ्याला न्यावे. जाण्यापूर्वी पहिल्या, १६ व्या व १७ व्या लेण्यांवरील चित्रफिती वर सांगितल्याप्रमाणे दोन-तीन रविवार दाखवाव्यात, आणि तेथे गेल्यावर मोबाइल पिशवीत ठेवावेत. स्वतःचे वाहन लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबवावे लागते, पुढे तेथील बसने जावे लागते. तेवढा वेळ हिशेबात धरावा. पहिल्या लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे कोणी बोलू नये. सोमवारी लेणी बंद असतात.